पालक : अंजू मोबाईल

९ जानेवारी

आज अजून एक लेकरू झालं मला. लग्नाचा पत्ता नाही आणि पोरं वाढूनच राहिली!

जीवनलाल काकाजी आले होते. गाळा त्यांचाच, म्हणून चहा मागवावाच लागतो. बसल्या बसल्या पोरीचा टॅब काउंटरवर टाकला — "लॉक मार दे अंजू. पढाई के सिवा कुछ नहीं चलना चाहिए." पोरगी म्हणजे भूमेश्वरी, दहावीत आहे. मागे उभी होती, दप्तर छातीशी धरून. मी म्हटलं, पालकाचा ईमेल द्या. तर म्हणे, "ते काय राहते? तुझाच टाक." सगळे असंच म्हणतात. देवरीत कोणाच्या बापाजवळ ईमेल आहे? असला तरी पासवर्ड पोरालाच ठाऊक. मग मी दुकानाचा टाकते. टॅबवर लिहून येते — पालक, अंजू मोबाईल. पोरानं बंद केलेलं काही उघडायला घेतलं की विचारणा माझ्या फोनवर येते. हो दाबलं तर उघडते, नाही दाबलं तर नाही. तिसरं बटण नाही.

काकाजींना सगळ्यात कडक पाहिजे होतं. शाळेच्या साइट तेवढ्या चालू, बाकी प्रत्येक पत्ता विचारूनच. करून दिलं. जाताना भूमेश्वरीनं एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्हीच पाहाल का, ताई?" मी म्हटलं, हो ना, आता मीच तुझी माय. हसली नाही पोरगी.

१३ जानेवारी

विचारणाच विचारणा. एकाला गेम पाहिजे, एकीला मेहंदीचे व्हिडिओ. गिऱ्हाइकाच्या फोनला काच बसवता बसवता अंगठ्यानं नाही, नाही, नाही. वाचत पण नाही मी. आईला सांगितलं तर म्हणे, सख्खी माय असती तर पोरं पळून गेली असती.

१७ जानेवारी

भूमेश्वरीनं भलतंच काहीतरी मागितलं. साइटच नाही ती. "पेपर देऊ देत नाहीत" — सगळं जोडून, इंग्रजी अक्षरांत, आणि पुढे डॉट कॉम. वाटलं, पोरगी टाइमपास करून राहिली. नाही दाबलं.

१९ जानेवारी

परत आली. "अंजूताई वाचून राहिली का डॉट कॉम."

हात थांबला माझा. समोरचा गिऱ्हाईक म्हणे, काय झालं मॅडम? काही नाही म्हटलं. हो दाबलं. असली साइट जगात नाही, उघडणार काय तिथं! पण तिच्या टॅबवर दिसलं असेल — पालकानं परवानगी दिली.

लगेच दुसरी. "माझं लग्न लावून राहिले डॉट कॉम."

२० जानेवारी

शाळा सुटल्यापासून एकामागून एक. "मुलगा अठ्ठावीसचा." "तिकडे छत्तीसगडचा." "वर्गातल्या पोराशी बोलली म्हणून." "आई रडते पण बोलत नाही." "लग्न फेब्रुवारीत." प्रत्येकाला शेपूट डॉट कॉमचं. पोरीजवळ फोन नाही, टॅबच्या सिममध्ये नुसतं नेट. बोलायला जागा उरली ती ही एवढी, आणि तीसुद्धा मीच ठेवली, चुकून. मी हो दाबत गेली. म्हणजे वाचलं.

शेवटची — "मदत करशील का डॉट कॉम."

हो दाबलं. दुसरं काय दाबणार होती?

२१ जानेवारी

आईला सगळं सांगितलं. तिनं भाजीची परात बाजूला सारली. "तुही पोरगी हाय का थे? कायले पडतेस मंधात? गाळा खाली कर म्हणला तर कुठं जाशील?"

मी चिडली. म्हटलं, आई, ती दहावीत आहे, पंधरा वर्षांची आहे!

"मी सातवीत होती तवा मांडवात बसली," आई म्हणाली आणि भांडे घासायला गेली.

२३ जानेवारी

मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, दहा नव्वद आठ. दुकानाच्या भिंतीवर मीच चिकटवला आहे तो कागद, भूमेश्वरीनं पण पाहिला असेल. आज नंबर लावला आणि घंटी जायच्या आधी कापला. पोरीचा टॅब पाहते कोण? एकटी मी. काकाजी लहान लेकरू थोडीच आहेत, लगेच समजून जातील. गाळा गेला तर गेलाच. पण मग कोणता बाप आपल्या पोराचा टॅब माझ्या काउंटरवर ठेवेल? असं सगळं बसून मोजत राहिली. भित्री आहे मी. इथं तरी लिहून टाकते.

२५ जानेवारी

सकाळी काकाजी पेढे घेऊन आले. घरी पूजा आहे म्हणे. मग काउंटरवर वाकून हळूच, "भूमी कुछ मांगती है क्या?"

"अभ्यासाचंच मागते, काकाजी."

"बढिया. चांगलं ध्यान ठेवून राहिली तू. आजकाल दुसऱ्याच्या पोरीचं कोण ठेवते!"

पेढा तोंडात होता. थुंकता येईना, गिळता येईना.

दुपारी तिची आली. "तारीख अलीकडे घेतली डॉट कॉम." हो दाबलं. मग — "फोन केला का डॉट कॉम."

दोनच बटणं. नाही म्हटलं तर पोरगी काय करेल, विहीर जवळ की तलाव, असलेच विचार येऊन राहिले. मी हो दाबलं.

खोटं.

२६ जानेवारी

शाळेतून झेंडावंदनाचे भोंगे ऐकू येऊन राहिले. तिची एक पण विचारणा नाही. विश्वास बसला असेल तिचा. उद्या करते फोन. नक्की.

२७ जानेवारी

केला.

तिकडची बाई चांगली बोलली. नाव, गाव, शाळा, वय, सगळं नीट विचारलं. माझं नाव बाहेर जाणार नाही म्हणाली. एवढंच विचारायचं होतं तर मी इतके दिवस कशाला घाबरून राहिली होती?

तालुक्याची माणसं दुपारीच तिच्या घरी गेली. कुलूप, त्या बाईनंच परत फोन करून सांगितलं. शेजारीण म्हणे, सगळे काल सकाळीच निघाले, मामाच्या गावी पूजा आहे. मी ॲपमध्ये टॅब कुठे आहे ते पाहिलं. शेवटचा ठिपका हायवेवर, सीमेच्या नाक्याच्या पलीकडे. त्यानंतर बंद. काकाजी पेढे देऊन गेले तेव्हा ती घरीच होती. मी हो दाबून बसली तेव्हा पण घरीच होती.

ठिपका सांगितला त्यांना. तिकडच्या पोलिसांना कळवतो म्हणाले.

२९ जानेवारी

मांडव सापडला. लग्न पोलीस पोहोचायच्या आदल्या दिवशीच लागून गेलं होतं.

गुन्हा दाखल झाला. काकाजींना ठाण्यात बसवलं आहे, नवऱ्याला पण. तालुक्याच्या मॅडम दुकानात आल्या, रिचार्जच्या बहाण्यानं. म्हणाल्या, पोरीला विचारलं, तुझी मर्जी होती का? तर एवढंच म्हणाली, "फोन आधीच झाला होता ना? मग उशीर काऊन झाला?"

मॅडमला कळलं नाही ती काय म्हणते. मला कळलं. शटर अर्धं पाडून काउंटरखाली बसली आणि रडली. गिऱ्हाईक बाहेरून ठोठावत होतं, उठली नाही.

आता तिला नागपूरकडच्या बालगृहात ठेवलं आहे. पेपर तिथून देईल म्हणतात. देईल का ती?

३ फेब्रुवारी

काकाजींचा भाऊ आला. "महिनाअखेर गाळा खाली कर." कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आई घरी भांडायला बसली होती, माझं तोंड पाहून उठली. मग स्वतःच ताट वाढलं तिनं.

५ फेब्रुवारी

सगळ्या टॅबमधून आपला ईमेल काढून टाकायचं ठरवलं. आईबापाला बोलवायचं, त्यांच्या नावानं करून द्यायचं, हात झटकायचे. हे काम मला झेपत नाही. यादी काढायला बसली.

६ फेब्रुवारी

यादीतलं पहिलं नाव शामकला. सातवीत आहे, भूमेश्वरीच्याच गल्लीतली. तिच्या बापाला फोन लावायला मोबाईल उचलला, तर तिचीच विचारणा येऊन पडली होती.

"भूमीताई म्हणाली तुम्ही वाचता डॉट कॉम."

बापाचा नंबर खोडला. दहा नव्वद आठ लावला आहे, घंटी जाऊन राहिली. या वेळी आधी फोन, हो नंतर दाबीन.