पाच विसा कवड्या

तांडा, डोंगरकड्याजवळ
१२ फेब्रुवारी २००९

प्रिय दिपा,

तुझी चिठ्ठी परवा मिळाली. डॉक्टरनं अजून पंधरा दिवस पलंगावरून उतरू नको म्हणलंय, तर त्याचं बराबर ऐक. वसमतहून इथवर एसटीचे धक्के खात यायची घाई करू नको. तुझा कुलदीप मजेत आहे. दुसरीच्या गुरुजींनी त्याला वर्गात बसू दिलंय. दोन वेळा दाबून जेवतो, उरलेला वेळ बकरीच्या पिलामागं पळतो. चिठ्ठीत शेवटी तू लिहिलंस, "बापू, त्याचा अभ्यास तुमीच घ्या, याडीच्या हाती देऊ नका, तिला त्यातलं काय कळतंय." स्वतःच्या आईबद्दलची ती ओळ वाचली आन् दोन दिवस मला जेवण गोड लागलं न्हाई. जावई ओमप्रकाशरावांनी मोबाईल घेऊन दिलाय, त्यावर बोलता आलं असतं. पण समोर माणूस असलं की माझी जीभ ऐन वेळी खोटं बोलते. म्हणून लिहायला बसलोय.

अभ्यास मीच घेत होतो. सातवी पास माणूस, त्यात शाळा समितीचा सदस्य, मग काय विचारता! वाचन त्याचं झकास आहे. खताच्या पोत्यावरचं, एसटीच्या पाटीवरचं, दिसेल ते वाचत सुटतो. बेरजेत हातचा आला की मात्र गाडं अडायचं. सत्तेचाळीस आन् अडतीस, हे एकच गणित मी आठ दिवस घालत होतो. आवाज चढवला, एकदा पट्टी बी उगारली. लेकरू नुसतं पाटीकडं बघायचं. मग सोमवारी त्यानं फटकन पंच्याऐंशी लिहिलं. वर आणखी दोन गणितं घातली, ती बी बराबर. माझी छाती अशी फुगली म्हणतेस! समितीच्या बैठकीत मी सगळ्यांना ऐकवलं, घरी अभ्यास कसा घ्यायचा ते माझ्याकडून शिका म्हणून. समितीतल्या किसनसिंगनं तर मला चहा पाजला.

मंगळवारी कळमनुरीला जायचं होतं. बस आलीच न्हाई, म्हणून अर्ध्या तासात घरी परत आलो. आतून तुझ्या याडीचा आवाज ऐकू आला. आपल्या तांड्याच्या बोलीत, गोरमाटीत बोलत होती. दारातून बघितलं तर जमिनीवर चिंचोक्यांचे ढीग, वीस-वीसचे. सत्तेचाळीस म्हणजे दोन विसा आन् सात, अडतीस म्हणजे एक विसा आन् अठरा. विसा झाल्या तीन, सुटे उरले पंचवीस. त्यातून कुलदीपनं स्वतःच वीस मोजून बाजूला केले आन् चार विसा पाच म्हणून ओरडला. तुझी याडी, माझी नीलाबाई, हसत होती, दिपा. तिला असं हसताना मी कैक वर्षांत बघितलं नव्हतं. तेवढ्यात माझा पाय दाराला लागला. तिनं हातानं सगळे चिंचोके घागऱ्याच्या घेराखाली ओढले आन् लसूण सोलायला घेतला. कुलदीपनं पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं. सात वर्षाचं पोरगं, माझ्या घरात येऊन महिन्याभरात लपवायला शिकलं.

ती काहून लपवते ते तुला ठाऊक न्हाई. तेच आता सांगतो.

नव्वद साल, तू तिसरीत होतीस. तुझ्या याडीनं तिच्या लग्नातली झोळी उसवली होती, आठवतं का? तिच्या याडीनं स्वतः टाचून दिलेली ती झोळी. त्या झोळीला लावलेल्या पाच विसा कवड्या तिनं एक एक सोडवून काढल्या, तुला मोजायला. मी शेतावरून यायचो तेव्हा तुमी दोघी कवड्या मांडून बसलेल्या असायच्या. मग एक दिवस गुरुजींनी वर्गात विचारलं, त्रेसष्ट आन् वीस किती. तू उभी राहून म्हणालीस, चार विसा आन् तीन. वर्ग खो खो हसला. गुरुजींनी मला बोलावून चारचौघांत विचारलं, "वसराम, घरी काय शिकवता हो लेकराला?" माझं तोंड काळवंडलं. घरी आलो, कवड्या फडक्यात बांधल्या आन् खालच्या विहिरीत टाकल्या. घरात लेकराशी गोरमाटी बोलायची न्हाई, असा हुकूम बी त्याच दिवशी काढला. तुझ्या याडीला मराठी कुठं येत होती? ती तुझ्याशी बोलायचीच थांबली.

दुसऱ्या दिवशी तू कवड्या शोधल्यास. मी म्हणालो, तुझ्या याडीनंच टाकल्या, तिला तुझ्या शिक्षणाची कदर न्हाई. ती डोक्यावर घागर घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं, घागर खाली ठेवली आन् चुलीपुढं जाऊन बसली. त्यानंतर तू तिच्याजवळ बसली न्हाईस. दहावीला गणितात दोनदा नापास झालीस. तुला बघायला पाहुणे आले तेव्हा मीच म्हणालो, पोरगी हिसाबात जरा कच्ची आहे, आईवर गेली.

तुझं उत्तर बराबर होतं, दिपा. त्र्याऐंशीच होतं. विहिरीवरून परत येताना, वाटेतच माझ्या ध्यानात आलं होतं. एकोणीस वर्षं मी ते गिळून बसलो. लाज वाटते ग, फार लाज वाटते.

आता कुलदीपचा अभ्यास त्याच्या आजीकडंच राहू दे. आन् एक काम कर. मंगळवारपासून तीनदा मी नीलाबाईसमोर जाऊन उभा राहिलो, आन् तीनदा पाणी मागून परत फिरलो. तिला वाचता येत न्हाई. म्हणून तू बरी होऊन येशील तेव्हा हे पत्र सोबत घेऊन ये, तिला जवळ बसव आन् सगळं वाचून दाखव, एक शब्द गाळू नको. मराठीत वाचू नको. आपल्या गोरमाटीत सांग. मी तिथंच, तुमच्यासमोर खाली बसून ऐकेन.

तुझाच,
बापू