शेवग्याखालची माती

ता. ३ सप्टें. ५६, सोमवार
सगळ्यात पहिले शेजारची चंद्रभागा आली, मंग ते दोघं. म्हणे, "बाई, नागपूरहून दोघं आलेत, घरोघरी माती मागून राह्यले." मी म्हटलं, भूदानवाले एकर मागून गेले, आता चमचाभर मागणारे निघाले! तोवर ते दारातच. एक चष्मेवाला, एक बाई. बाईच्या मनगटावर घड्याळ, कपाळ मोकळं. कॉलेजात शिकवतो म्हणे. मी बाळाले तेल लावत होती. एक महिन्याचा झाला काल, नाक अगदी माह्यासारखं, चार नातींवर हा पहिला नातू. सून सुमन तर जाता जाता राह्यली, बाळंतपणात ताप चढलता, वर्धेच्या डॉक्टरच्या सुयांनी वाचली. काय सांगत होती? हां. हात पुसून बाहेर येईपर्यंत त्या बाईनं गोठ्यामागच्या शेवग्याखालून माती काढून पुडीत भरलीबी. पुडीवर पेन्सिलीनं आमचं नाव.
इतकं आंगन सोडून शेवग्याखालचीच काऊन? तिथं तर

ता. ४, मंगळ.
तिथं बाळाची नाळ पुरली आहे. कोणाले सांगितलं नवतं. चंद्रभागा म्हणे, "करणीवाले अशीच माती नेतात, नावाची पुडी बांधून." बाळ सकाळपासून दोनदा शिंकला. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. बबन, माहा पोरगा, शाळामास्तर, हसला. "माय, ते मातीतले जंतू पाह्यतात." मातीत जंतू तर मंग मातीनं भांडे घासून साफ कसे होतात? मास्तर टोपी घालून शाळेत चालता झाला.

ता. १२ नोव्हें., सोम.
ते परत आले! चष्मेवाल्यानं बशीत ओतून चहा पेला, म्हणून जरा बरा वाटला; दोघांले सुमनच्या तापाचं अन् सुयांचंबी सांगितलं. म्हणे, "आजी, तुमच्या मातीत एक जंतू सापडला. तो औषध बनवायचा, आजूबाजूचे रोगाचे जंतू मरायचे. आता जिवंत आहे, वाढतोही छान, पण औषध बनवणंच सोडलं."
"काऊन?"
"तेच तर कळत नाही."
इतका शिकलेला अन् कळत नाई म्हणते. म्हणून पुन्हा माती पाह्यजे, त्याच जागची. पाहा, त्याच जागची! म्हटलं, उद्या या, मीच काढून ठेवीन.

ता. १३, मंगळ.
माती शेवग्याखालचीच दिली, खोटं नाई बोलली. फक्त पहिले तव्यावर भाजली, खरपूस. भाजलेला दाणा उगवत नाई, मंग करणी कशी उगवंल? बाई पुडी हातात घेऊन म्हणे, "किती कोरडी!" म्हटलं, ऊन लय आहे. बाळ आज खिदळला.

ता. १० डिसें., सोम.
आज दोघं तोंड उतरवून आले. "आजी, त्या मातीत काहीच उगवलं नाही. एकही जंतू नाही. असं होत नाही हो." बाई माह्याकडे टक लावून. मी तव्याकडे पाह्यलं नाई. बोलणं फिरवाले म्हटलं, "तुमच्या त्या पहिल्या जंतूले खायाले काय देता?"
"साखर. हवी तितकी."
"मंग तो कायले राबंल? कापसाच्या पऱ्हाटीले खत जास्त झालं का माजते, डोक्याएवढी होते अन् बोंड धरत नाई. उपाशी ठेवून पाहा त्याले."
चष्मेवाला हसला. मंग हसणं थांबवून वहीत लिहून घेतलं.
तेवढ्यात सुमन बाळ घेऊन बाहेर आली, म्हणे, हे औषध कायच्यासाठी? बाई म्हणाली, "तुम्हाला बाळंतपणात आला तसल्या तापासाठी. तुमच्या सुयांचं औषधही असंच सापडलं होतं, कोणाच्या तरी मातीत."
सुमननं माह्याकडे पाह्यलं. चुलीजवळ भाजताना तिनंच पाह्यलं होतं मले. पण गुणाची, बाळ घेऊन आत गेली.

कोणाचं आंगन असंल ते? तिथंबी कोणाची नाळ असंल का? त्या घरच्या बुढीनं माती भाजून नाई देली.
पण त्या बाईची नजर मले अजून पटत नाई. चंद्रभागेले काई विचारलं नाई या खेपेस. तवा घासून उपडा ठेवला. खुरपंबी धुतलं, बाजूलेच आहे.
येत्या बुधवारी पुन्हा माती न्यायाले येतो म्हणाले, सकाळच्या गाडीनं.