लाल डब्याचं दुकान

शनिवार, ८ नोव्हेंबर. सेम्बावांग.

डिसेंबरात अँटवर्पचा ख्रिसमस बाजार बघायला जायचं ठरलं. जेवताना लेकीने बेत वाचून दाखवला. पहिल्याच दिवसापुढे लिहिलंय, 'बाबाचं चॉकलेटचं दुकान'.

"तू कितीदा गेलायस तिथे," बायको म्हणाली. "आम्ही आपल्या मागून येऊ."

गेलोय खरा. अकरा वेळा. पण बोट धक्क्याला लागली की मी इंजिनरूममध्ये. शहर म्हणजे डेकवरून धुक्यात दिसलेलं चर्चचं टोक. चॉकलेटचा लाल डबा बोटीवर सामान पुरवणारा माणूस आणून द्यायचा. लेक लहान होती, विचारायची, कुठून आणलंस? मी सांगितलं, चर्चच्या मागे एक म्हातारी विकते. दर खेपेला म्हातारीची गोष्ट वाढवत गेलो. का? खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

तो लाल डबा तिच्या टेबलावर अजून आहे, पेनं ठेवायला. झाकणावर दुकानाचं नाव नाही, एवढं बरं.

शेवटी म्हटलं, "ते दुकान आता बंद झालं असेल गं."

"नेव्हर माइंड लाह, बाबा," लेक इथल्या बोलीत म्हणाली. "जागा तरी बघू."

आता नकाशावर चर्चच्या मागे अशी गल्ली शोधतोय, जिथे एखादं दुकान बंद पडलेलं असू शकेल.