पुन्हा मधूनच

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे. बरगड्या फक्त हसताना दुखतात, आणि हसण्यासारखं इथे काही घडत नाही.

शनिवारी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात कॉलेज पुन्हा हरलं. आमची पहिली चाल नेहमीचीच: चेंडू माझ्या हातात आणि मी सरळ मधून घुसायचं. आम्ही उभे राहताच समोरचा धिप्पाड गडी ओरडला, "मधूनच येतोय रे!" त्याने मला आडवं केलं आणि वर हात देऊन उठवलंही. म्हणाला, "भावा, तुमच्या कोचला दुसरं काही सुचत नाही का?"

कोच हॅल्व्हर्सन म्हणतात, चाल बरोबर आहे, तुम्हीच कमी पडता.

पर्ल आजी टीव्ही न बघता, स्वयंपाकघरातूनच आमची चाल ओळखते ना अजून?

येत्या शनिवारी टीव्हीवर मला शोधत बसू नकोस. पहिल्याच चालीला खेळाडूंच्या ढिगाच्या तळाशी बघ.

तुझा,
कोल्बी