नाल्यापर्यंत पोचलो नाही

बाई,

तुमचं अक्षर फार वाईट होतं. तुमच्या हयातीत हे तुम्हाला कुणी तोंडावर सांगितलं नसेल, आणि ज्याचं सारं पोट अक्षरावर चाललं त्यानं ते सांगावं हे रीतसर आहे. तुमची ओळ डावीकडून नीट निघायची, पण उजवीकडे पोचेपर्यंत कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे घसरलेली असायची. बालवाडीच्या फळ्यावर तुम्ही लिहिलेला सुविचार वाचायला मी एकदा दारात थांबलो होतो आणि न वाचताच पुढे गेलो होतो. हे आज आठवायचं कारण म्हणजे वाळवी. ट्रंकेच्या बुडाला माती दिसली म्हणून सकाळी सगळ्या फायली अंगणात उन्हाला घातल्या. मी लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची कार्बन नक्कल ठेवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली सहा अर्जनवीस बसतात, पण वीस वर्षांपूर्वीच्या अर्जाची नक्कल मागितली तर काढून देणारा मी एकटाच. तर त्या फायलीत तुमच्याविरुद्धचा तक्रारअर्ज आणि त्याला तुम्ही दिलेला खुलासा एकाच पिनेत टोचलेले निघाले. पीन गंजून दोन्ही कागदांना एकाच जागी तांबडा डाग पडला आहे. दोन्हींचं अक्षर माझं.

सुरुवात खेकड्यापासून झाली. आमच्या शेजारच्या ओळीतली बाई संध्याकाळी पोराची चड्डी हातात धरूनच माझ्या दारात आली. "खिशात पाहा काय निघालं, भाऊ! खेकडा! जिता खेकडा!" तिच्या मागून आणखी दहाबारा जण आले. गिरणीतून सुटलेला एक बाप म्हणाला, "लेकरू शिकाले पाठोतो का शेण चिवडाले? ते बाई रोज त्याइले पांदनीनं नाल्यावर नेऊन राहिली. धा वाजेपर्यंत पत्ता नसते. तू चांगला कडक लिहून दे गा." आणखी एका बाईनं आदल्या रात्री आपल्या मुलीच्या पायातून बाभळीचा काटा काढला होता. तिचं म्हणणं असं की काट्याचंही तिला काही वाटलं नाही, पण पोरगी रडली नाही याचं वाटलं. "मले म्हनते, बाई म्हनली का काटा कसा निंगाला थे पाय. आता काटा काय पाहाची गोष्ट हाये का वं?" सगळे हसले, मीही हसलो, आणि हसताहसता फुलस्केप पुढे ओढला.

मी सही केली नाही. अर्ज लिहिणाऱ्यानं सही करायची नसते, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. पण तुम्हाला खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या बारा-पंधरा माणसांत सगळ्यात जास्त राग मलाच होता. आमची पोर तेव्हा चार वर्षांची होती आणि तिच्या दप्तरातली पाटी मी दुकानातून आणली तशी कोरी होती. मला पाटी मिळाली अकराव्या वर्षी. तीही किराणा दुकानात पुड्या बांधताना, मालकाच्या मुलाची फुटकी. रद्दीच्या कागदावरची अक्षरं मी पुडी बांधण्याआधी वाचायचो, आणि गिऱ्हाईक ओरडलं की अर्ध्यावर सोडायचो. कितीतरी बातम्यांचे शेवट मला अजून माहीत नाहीत. अशा माणसाची पोर सकाळी आठला शाळेत जाते आणि दुपारी आगपेटीत अळी घेऊन येते! मी दीड पान लिहिलं. त्यातलं एक वाक्य मी मोठ्यानं दोनदा वाचून दाखवलं: 'अजाण बालकांस गुरांप्रमाणे मोकाट सोडले जाते.' गिरणीवाला म्हणाला, "वा! मोकाट! एकदम बराबर." अकरा सह्या झाल्या, त्यात चार अंगठे. तुमची ती पांदण, शेतांमधून नाल्याकडे जाणारी गाडीवाट, मी तोवर एकदाही पाहिली नव्हती.

मग तुम्ही आलात. रविवार आहे, मी ओट्यावर बसलो आहे, बायको आत चहा ठेवते आहे आणि पोर बाजेखाली आगपेटीशी काहीतरी बोलते आहे. तुम्ही छत्री भिंतीला टेकवून ठेवता आणि पिशवीतून कागद काढता. "बालवाडीच्या मंडळानं दिलाय. आठ दिवसांत लेखी खुलासा मागितलाय. पटला नाही तर फिरणं बंद, आणि मी ऐकणार नसेन तर दुसरी बाई बघतो म्हणाले. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, भाऊ. तुम्ही लिहून द्या." कागद माझ्या हातात येतो. माझ्याच हाताचा कागद, माझाच समास, डावीकडे बरोबर चार बोटं. मी तो वाचल्यासारखं केलं. जिथं थांबायला हवं तिथं थांबलोसुद्धा. आत बायकोनं भांडं जरा जोरातच ठेवलं. तिला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, "कोणी दिला हा?" तुम्ही म्हणालात, "अकरा जणांनी. लिहिणाऱ्याला मात्र शब्द चांगले सापडलेत. मोकाट! मला नसता सुचला." मग चहाची बशी खाली ठेवून म्हणालात, "पण भाऊ, न पाहता लिहू नका. उद्या सकाळी या आमच्यासोबत." न पाहता मी लिहीत नाही, असं मी त्यावर जरा ताठ मानेनं सांगितलं. आत दुसरं भांडं वाजलं.

दुसऱ्या दिवशी मी वही, पेन आणि मनगटी घड्याळ घेऊन हजर. पोळा नुकताच होऊन गेला होता, पांदणीत ओल होती आणि दोन्ही बाजूंना तरोटा कमरेएवढा वाढला होता. बावीस मुलं. तुमचा नियम तुम्ही मला दारातच सांगितलात: सगळ्यात हळू चालणारं लेकरू पुढे, त्याला कुणी ओलांडायचं नाही, मोठी माणसं शेवटी. कुणाला उचलून वर चढवायचं नाही. जे आपलं आपण चढतं ते आपलं आपण उतरतं. नाव विचारलं तरच सांगायचं. मी हे सगळं आकडे घालून वहीत उतरवून घेतलं आणि मान वर केली तर सगळ्यांच्या पुढे उभी होती आमची पोर. शाळेत सगळ्यात हळू कोण, तर माझी मुलगी. मला लाज वाटली, हे तुमच्या लक्षात आलं असणार, कारण तुम्ही लगेच म्हणालात, "महिनाभर तीच पुढे आहे. फार चांगली नेते."

आठ वाजून दहा मिनिटांनी निघालो. आठ पंचवीसला पहिल्या बाभळीपाशी होतो. ती पांदण मी पुढे पावलांनी मोजली, देवळापासून नाल्यापर्यंत तीनशे बारा पावलं, माझ्या चालीनं चार मिनिटं. आठ एकतीसला पोर खाली बसली. तिच्यामागे एकेक करत बाकीची एकवीसही बसली. शेणाच्या पोवापाशी एक काळा किडा आपल्यापेक्षा मोठी शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलत, डोकं खाली घालून, उलटा चालला होता. शेणकिडा, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि तुम्ही तुमची छत्री माझ्या हातात दिलीत. "जरा धरा." ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. मी छत्री धरून उभा राहिलो. गोळी गाडीच्या चाकोरीत पडली. किडा खाली उतरला, तिला ढकलत अर्ध्यावर आणली, पुन्हा पडली. एका पोरानं काडी घेतली. दुसरा ओरडला, "नोको ना बे, त्याचं हाये थे!" काडीवाला म्हणाला, "मी मदत करून राहिलो त्याले." "त्यानं मांगितली का मदत तुले?" यावर बरीच चर्चा झाली आणि काडी बाजूला पडली. गोळी पाचव्यांदा पडली तेव्हा माझ्याच तळहातांना घाम आला होता. पोरीनं मान वळवून मला विचारलं, "बाबा, थो उलटा काहून चालते?"

बाई, मी सबंध वस्तीचा जाणता माणूस. सातबारा, वारस, जन्मदाखला, बदली, काहीही विचारा. आणि मला ते माहीत नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं, तुम्ही पाहत नव्हता. मी म्हणालो, "माहीत नाही गं." तशी पोर खूष झाली! मला वाटलं होतं हिरमुसेल. तिनं मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "माह्या बाबालेबी माहीत नाही!" आणि मग बावीस जणांनी कारणं द्यायला सुरुवात केली. त्याचं घर मांगं हाये. त्याचे डोये मांगं असतीन. त्याले शेणाचा वास येते म्हणून तोंड तिकडं केलं. तुम्ही शेवटी म्हणालात, "मलाही माहीत नाही. बघू या." नऊ वाजून सहा मिनिटांनी गोळी चाकोरीच्या वर आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे नुसते त्याच्यामागून चार हात सरकले. किडा तरोट्यात दिसेनासा झाला तेव्हा परतायची वेळ झाली होती. येताना मी पोरीच्या मागून चाललो. तिला ओलांडायचं नाही म्हणून लहान पावलं टाकत चाललो, आणि सांगतो, पोटऱ्या दुखल्या.

त्या रात्री मी खुलासा लिहिला. तीन पानं, एकही खाडाखोड नाही. 'मोकाट सोडली जात नाहीत; सर्वात सावकाश चालणारे बालक अग्रभागी असते व बाई सर्वात शेवटी असतात.' माझ्या हातून इतकं चांगलं क्वचित उतरलं आहे. पण मंडळाची माणसं मी ओळखून होतो. एवढा वेळ घालवून कुठवर गेलात, असं ते विचारणार. म्हणून मी एक वाक्य घातलं: 'बालके नाल्यापर्यंत जाऊन सुखरूप परत आली.' तुम्ही सगळं वाचलंत, त्या वाक्यावर बोट ठेवलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि माझंच पेन उचलून ते खोडलंत. वर तुमच्या त्या अक्षरात लिहिलंत, 'नाल्यापर्यंत पोचलो नाही. वाटेत शेणकिडा भेटला.' माझ्या स्वच्छ पानावर! मी म्हणालो, "बाई, मी पान पुन्हा लिहून देतो." तुम्ही म्हणालात, "कशाला? वाचता येतंय की." वाचता येत नव्हतं. मंडळानं 'नोंद घेतली' असा शेरा मारून कागद फायलीला लावला आणि फिरणं चालू राहिलं. गिरणीवाला महिनाभर माझ्याशी बोलला नाही. तुम्ही खोडलंत ते मूळ प्रतीवर. माझ्या नकलेत आपण अजून नाल्यापर्यंत पोचून परत येतो आहोत.

आमच्या पोरीला अक्षरं पुढे अशी झरझर आली, असं इथं लिहायला मला आवडलं असतं. नाही आली. शेजारच्या पोरांहून वर्षभर उशिरा आली. आता कॉलेजात आहे, अजून घरातून निघायला अर्धा तास लावते आणि तिची आई दारातून ओरडत राहते. सकाळी तिला शेणकिड्याचं विचारलं, तर म्हणाली, "काही आठवत नाही, बाबा." मी तिला गोष्ट सांगणार होतो, पण ती नकलेवरची वाळवी बघण्यात गुंतली होती. मी थांबलो.

त्या खुलाशानंतर दोन वर्षांनी धंतोलीच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आलो होतो तेव्हा सोबत संत्री होती, आणि मनात हेच होतं, की आज सांगून टाकू. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. तुम्ही पोरीची चौकशी केलीत. मग डोळे मिटून पडल्यापडल्या म्हणालात, "भाऊ, तुमच्या दोन कागदांत पहिला जास्त चांगला उतरला होता. दुसऱ्यात तुम्ही जरा हळवे झालात." माझ्या दारावरची पाटी मीच रंगवलेली आहे. रोज तिच्याखालून तुम्ही मुलं घेऊन जात होता. ते अक्षर तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि ओळखूनच माझ्याकडे आला होता. तुम्ही दार इतकं उघडून दिलं होतं, बाई, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी संत्र्याची शीर काढत होतो. मी म्हणालो, "पहिला कोणी लिहिला होता, कोण जाणे." तुम्ही फोड तोंडात घातलीत आणि म्हणालात, "गोड आहे." त्याला आता चौदा वर्षं झाली.

या पत्राची मी नक्कल ठेवलेली नाही, आणि कुठं टाकायचंही नाही. ते त्या दोन कागदांच्या मधे ठेवीन, नवी पीन लावून. खुलाशाच्या नकलेवरचं नाल्याचं वाक्य मघाशी खोडलं. तक्रारअर्जाच्या नकलेवर खाली एक ते अकरा आकडे आहेत, पुढे जागा रिकामी, कारण सह्या मूळ प्रतीवर गेल्या. त्याखाली मी बारा आकडा घातला आणि सही केली. कागद जुना, शाई पसरली, सही नीट आली नाही. दुसऱ्यांदा केली नाही.