शांत झाल्याशिवाय दार उघडू नये

प्रिय ठमे,

तुझं कुत्रं ठीक आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण रविवारच्या फोनवर तू आधी त्याची चौकशी करतेस, मग बाबांची, आणि माझी पाळी येईपर्यंत तुला दुसरा फोन आलेला असतो. तक्रार करत नाही. उन्हाळ्यापासून आपलं बोलणं असंच चाललंय आणि त्याला कारण मीच आहे. तू त्या वृद्धांच्या निवासाचं माहितीपत्रक जेवणाच्या टेबलावर ठेवलंस, आणि मी त्याचे चार तुकडे करून तुझ्या बशीत टाकले. वर म्हणाले, ज्या बापाने तुला खांद्यावर बसवून गावभर फिरवलं त्याला कुलपात टाकायला निघालीस, लाज कशी वाटत नाही? मी जिवंत आहे तोवर हा माणूस या घरातून हलणार नाही. तू उठून बॅग भरलीस. मला अजून चार वाक्यं बोलायची होती, ती तशीच राहिली. आणि पंधरा दिवसांनी हे पिल्लू येऊन पडलं, पिंजऱ्यासकट. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. आज एक स्वतःचं लिहिते आहे, कारण यातलं काहीच मला फोनवर सांगता येणार नाही.

बाबांना सोबत होईल, म्हणालीस. वीतभर प्राणी. जातीचं नाव घ्यायला गेलं की शिंक आल्यासारखं वाटतं. डोळ्यांवर केस आणि नाक इतकं चपटं, की जन्मल्या जन्मल्या कोणीतरी त्याच्या तोंडावर दार आपटलं असावं. पिंजरा म्हणू नकोस, क्रेट म्हण, असंही तू बजावलंस. लोखंडी जाळीची पेटी, तिला बाहेरून कडी, याला मी पिंजराच म्हणणार. सोबतच्या पत्रकात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या मी लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि मगच ते वाचलं. पद्धत मात्र मला पटली. पहिले दोन दिवस दार उघडं ठेवायचं, आत बिस्किट आणि आपल्या वापरातला एखादा कपडा. मग दार एक मिनिट लावायचं, मग पाच, मग दहा. जाताना निरोप घ्यायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही. आणि ठळक अक्षरांत, चौकटीत: रडत असताना दार उघडू नये. पूर्ण शांत झाल्याशिवाय, आणि त्यानंतर दोन मिनिटं गेल्याशिवाय, उघडूच नये. नाहीतर रडलं की दार उघडतं हे ते शिकतं. यात मला नवीन काय होतं? सातव्या वर्षी मला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवून तुझी आजी फाटकातून परत फिरली. सिस्टर खाटांच्या रांगेतून चालत जायच्या आणि जी खाट रडत असेल तिच्याकडे मुद्दाम बघायच्या नाहीत. चौथ्या दिवशी माझं रडं थांबलं. मी जन्मभर त्याचा अभिमान बाळगला. तुलाही तसंच वाढवलं, ते तुला आठवत असेलच.

पण या घरात एक माणूस असा आहे ज्याने सगळं आयुष्य नेमकं याच्या उलट काम केलं. तुझ्या बाबांना हल्ली माझं नाव येत नाही. मला मॅडम म्हणतात. आरशातल्या स्वतःला नमस्कार करतात. पण बंद पेटीतून कोणी ओरडलं की त्यांच्यातला लिफ्टचा मेकॅनिक जागा होतो. पहिल्याच दिवशी पिल्लाने सूर लावला आणि हे खुर्चीवरून उठले, खणातला स्क्रूड्रायव्हर घेतला, गुडघे धरत धरत पिंजऱ्यापुढे बसले. “साहेब, घाबरू नका. जाळीत बोटं घालू नका. दोन मिनिटांत बाहेर काढतो.” कडी सरकवली, त्या ध्यानाला छातीशी धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही त्याला मीच अडकवलं होतं. म्हणजे, अडकवलं मीच होतं. मी ओरडले, पिल्लू परत आत घातलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. “साहेब, घाबरू नका.” दिवसातून वीस वेळा. कुत्र्याचं नाव साहेब पडलं ते असं.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बावीस वर्षांची होते, ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकलेली, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, हातात फायलींचा गठ्ठा. “बाई, घाबरू नका. जेवण झालंय का तुमचं?” मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? बाहेरून हसण्याचा आवाज आला. पुढची चाळीस मिनिटं हे फटीतून बोलत होते. फायलीत काय आहे, टाइप करताना बोटं दुखतात का, ऑफिसातला चहा एवढा पांचट का असतो. दार उघडल्यावर हात पुढे करण्याआधी त्यांनी तो पँटला पुसला. त्यापुढचं तुला पाठ आहे, माझे वडील काय म्हणाले, कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेली मुलगी ग्रीसच्या हातात देणार नाही वगैरे. एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. मी त्या लिफ्टमध्ये रडत होते. मोठ्याने. बाहेर सगळं ऐकू जात होतं. दार उघडल्यावर माणसं जमली होती, त्यांना हे म्हणाले, बाई एकदम धीराच्या आहेत. आणि नंतरच्या पन्नास वर्षांत, भांडणातसुद्धा, त्यांनी ती गोष्ट एकदाही काढली नाही.

असो. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे लस टोचायला नेलं तेव्हा मी रडगाणं गायलं. त्या म्हणाल्या, कोणी दर वेळी दार उघडत असेल तर हा जन्मात शिकणार नाही. तेवढा वेळ आजोबांना दुसऱ्या खोलीत बसवा ना. त्यांनी हे सुईचं झाकण लावता लावता म्हटलं. मीही तितक्याच सहज केलं. साहेबांना पिंजऱ्यात ठेवलं आणि तुझ्या बाबांना झोपायच्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं. ते दार उघडून बाहेर आले. मग मी हार्डवेअरच्या दुकानातून एक कडी आणली आणि बाहेरच्या बाजूने स्वतः बसवली. चार स्क्रू. एक वाकडा गेला. बाहेर कुत्रं रडतंय, आत बाबा दार ठोकतायत, आणि मधल्या खुर्चीत मी हातात घड्याळ घेऊन बसले आहे. तुला हसू येत असेल तर हस. मलाही पहिल्या दिवशी आलं होतं.

आता जे सांगायचं ते. बाबा घरातून निघून गेले ते एकदाच, असं मी तुला सांगितलं. ते तीनदा गेले. तिसऱ्या वेळी पलीकडच्या रस्त्यावरच्या एका ऑफिसच्या इमारतीत सापडले, बंद लिफ्टच्या दाराला कान लावून उभे. पहारेकऱ्याला चोर वाटले. त्याने ढकललं. कोपर बाथरूममध्ये सोलवटलं असं मी तुला म्हटलं, ते कोपर हे. मी त्या पहारेकऱ्याला इतकं बोलले, की शेवटी त्यानेच मला बसायला खुर्ची दिली. पण घरी येऊन दाराला आतून कुलूप लावलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यांना घरात एकटं मोकळं सोडता येत नाही, म्हणजे आता मीही कुठे जाणार नाही. ब्रेड संपला तर ब्रेड नाही. औषधं दुकानदाराच्या मर्जीने येणार. वाचनालयाची दोन पुस्तकं चार महिने माझ्या उशाशी पडून होती. म्हटलं, दहा मिनिटं. कोपऱ्यावर जाऊन ब्रेड घेऊन येते. खोलीला कडी होतीच.

वही मी कुत्र्यासाठी केली होती, तारीख आणि मिनिटं. त्याच पानावर शेजारी दुसरा रकाना पाडला. पाच, दहा, पंधरा. निरोप घेतला नाही, डोळ्यांत बघितलं नाही. आत त्यांच्या आवडीचं बिस्किट आणि माझी जुनी शाल ठेवली. पत्रकातलं एकही वाक्य सोडलं नाही ग मी. सुरुवातीला ते ठोकायचे. “मॅडम, दार अडकलंय. कोणी आहे का बाहेर?” मी परत आलेली असायचे, दाराच्या अलीकडे, पिशवी हातात. आणि ते शांत व्हायची वाट बघत असायचे. एकदा पंचवीस मिनिटं ठोकलं. मग दाराला पाठ टेकून ते खाली घसरत बसल्याचा आवाज आला. मी त्यानंतर आणखी दोन मिनिटं थांबले, कारण चौकटीत तसं लिहिलं होतं. मग कडी काढली आणि त्यांच्या हातात बिस्किट दिलं.

कुत्रं काही शिकलं नाही. खालच्या शिवणवाल्या बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, “ताई, जनावर आणलंय की भोंगा?” मी म्हटलं, तुमच्या मशीनपेक्षा सुरात आहे. पण हरले मीच. आता ते सोफ्यावर तंगड्या पसरून झोपतं आणि पिंजऱ्यात रद्दी ठेवली आहे. बाबा मात्र शिकले. सहा आठवड्यांत दोन तासांपर्यंत गेले. ठोकणं नाही, हाक नाही. मी वाचनालयात गेले, दातांच्या डॉक्टरांकडे गेले. एका दुपारी बागेत एकटी बसून आइस्क्रीम खाल्लं आणि आणखी एक घेतलं. मला फार बरं वाटलं, ठमे. हेही लिहायलाच हवं. त्या रविवारी मी तुला म्हटलं, बाबा हल्ली शांत असतात. तू म्हणालीस, बघ, कुत्र्याचा उपयोग झाला की नाही? मी हो म्हटलं.

गेल्या मंगळवारी मला बँकेत जायचं होतं. बाबा खिडकीशी बसून साहेबांच्या डोळ्यांवरचे केस बोटाने बाजूला करत होते. मी खुंटीवरची पर्स काढली. नुसती काढली, तोंडातून शब्द नाही, त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. ते उठले. कुत्र्याला खाली ठेवलं, खोलीत गेले, पलंगाच्या कडेला ताठ बसले, पाय जोडून. दाराकडे बघत. आणि बिस्किटासाठी हात पुढे केला. मी पर्स परत अडकवली. म्हटलं, अहो, मी कुठेही जात नाही, बाहेर या. ते हलले नाहीत. दार सताड उघडं होतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, चला म्हटलं, हात धरला, तर त्यांनी हलकेच हात सोडवून घेतला आणि पुन्हा पाय जोडले. चहाची वेळ झाली तरी उघड्या दाराच्या आत ते शांत बसून होते. मी इतकी वर्षं पाहिलंय या माणसाला, ठमे. अडकलेल्या माणसाला हा कधी एकटं सोडत नसे. पण त्या दिवशी आपण अडकलोय हेच त्यांना कळत नव्हतं.

कडी मी त्याच दुपारी काढून टाकली. भोकं राहिली आहेत, ती तुला दिसतीलच, म्हणून आधी सांगते. बुधवारी मी त्या निवासाच्या बाईंना फोन केला. तुझ्याकडून नंबर न मागता शोधला, तेवढा ताठा ठेवला. दार तिथेही बंद असतं, त्यांनी लपवलं नाही. पण आतल्या बाजूला कोणीतरी बसलेलं असतं, म्हणाल्या. पुढच्या महिन्यात एक खोली रिकामी होते आहे. माझी सही पुरेशी आहे, पण मला ती एकटीने करायची नाही. ज्यासाठी मी तुला घराबाहेर काढल्यासारखं बोलले, ते मी स्वतः सहा आठवडे केलं, आणि तू सुचवलं होतंस त्याहून वाईट रीतीने. माफी मागायची मला सवय नाही. हे पत्र तीच आहे असं समज. शनिवारी ये. मला जे बोलायचं ते बोल, मी एकदाही मधे तोंड घालणार नाही. फक्त मला गच्चीवर ने आणि तिथे बोल, त्यांच्यादेखत नको. हल्ली घरात कोणाचाही आवाज चढला की ते उठून खोलीत जातात, आणि मी दार लावायची वाट बघत बसतात.

तुझीच, तू म्हणशील तशी,
आई