बिनठिपक्याचा कप

आई, आज पुन्हा एका घरमालकिणीने माझं आडनाव विचारलं. आधी पूर्ण नाव, मग मूळ गाव कुठलं, मग "म्हणजे तुम्ही..." आणि वाक्य तिथेच सोडलं. ते सोडलेलं वाक्य तुझ्या चांगलंच ओळखीचं. पूर्वी माझं डोकं फिरायचं. आता नुसता कंटाळा येतो ग. या वयात पुन्हा शिकायचं खूळ घेतलंय डोक्यात. दिवसभर लायब्ररीत भेदभावावरच वाचायचं, त्यावरच लिहायचं, आणि संध्याकाळी खोली शोधायला निघालं की पुन्हा तेच. मी सरळ सांगून टाकलं. ती म्हणाली, "बरं बरं. चहा घेणार ना?" आणि आत गेली. मी तिच्या सोफ्यावर बसून राहिले आणि मला आपली सातपूरची खोली आठवली.

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तुझे केमो नाशिकला सुरू झाले म्हणून पप्पा तुला सिन्नरहून माझ्या खोलीवर घेऊन आले आणि स्वतःही राहिले. तू कॉटवर बसलेली आहेस, डोक्याला सुती ओढणी, "तो केसांचा टोप नको बाई, उकडतं" म्हणतेस. सिस्टरने बजावलंय की पांढऱ्या पेशी फार खाली आल्यात, यांना कुणाचं काही लागता कामा नये, ताट-कप वेगळा ठेवा, उकळून द्या. आपले कप सगळे एकाच डझनातले. पप्पांचा काय भरवसा, हाताला येईल तो घेणार. म्हणून मी तुझ्या कपाच्या तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. वरून दिसणार नाही, वाईट वाटणार नाही. काय शहाणी समजत होते मी स्वतःला!

तुझा चहा बंदच झाला. "नको, मळमळतंय." मग त्याच कपातलं दूध नको, पेज नको. मला वाटलं, औषधाचंच असेल. वजन उतरत गेलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, पोटात काही जात नसेल तर पुढचा डोस देता येणार नाही. त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले, "आई, जगायचंय का नाही तुला?" तू कप पालथा केलास. "हे काय लावलंस?"

मग सांगितलंस. तू शिकवायचीस त्या शाळेत बाकी सगळ्या शिक्षकांचे कप एका ट्रेमध्ये असायचे आणि तुझा खिडकीत, तळाला असाच लाल ठिपका लावलेला. नोकरीला लागलीस तेव्हाच एका बाईंनी तो लावला होता, वर म्हणाल्या होत्या, "तुमचा हरवायला नको म्हणून हो." इतकी वर्षं त्या कपात चहा प्यालीस आणि घरी अवाक्षर नाही. "त्यांचं जाऊ दे," तू म्हणालीस, "तू पण?"

मी अशी रडले, आई. "अगं, तुझं आम्हाला लागू नये म्हणून नाही, आमचं तुला लागू नये म्हणून!" तू बघत राहिलीस आणि मग हसायलाच लागलीस, पार ठसका लागेपर्यंत. "म्हणजे या खेपेला विटाळ तुमचा? अहो, ऐकलंत का, तुम्ही बाटवताय मला!" पप्पा बिचारे दारातून म्हणाले, "मी काय केलं?" मग तू दमलीस. दमलीस की गावची बोली यायची तुझ्या तोंडात. "पूस ते. लय झालं. त्या ठिपक्यात मी काही पिणार नाय."

पुसला मी. पण मग तुझा कप ओळखायचा कसा? दुपारी तुझा डोळा लागल्यावर मी बाकीच्या सगळ्या कपांना तळाला ठिपके लावले. कोरा राहिला तो फक्त तुझा. तू चहा घ्यायला लागलीस, मग पेज, मग थोडा भात, आणि डोसही मिळाला.

एकदा शाळेतल्या त्याच ठिपकेवाल्या बाई शहाळी घेऊन तुला भेटायला आल्या. तुझा हात हातात घेऊन बसल्या, खरंच रडल्या. चहा झाल्यावर "राहू दे गं, मी विसळते" म्हणत आपला कप घेऊन मोरीशी गेल्या आणि थबकल्या. "हा ठिपका...?" मी म्हटलं, "तो आमच्या कपांना आहे. आईच्या नाही. तिला आमचं काही लागू नये म्हणून." बाईंनी तो कप कितीतरी वेळ विसळला. असा क्षण आला तर मी काय काय सुनवेन, हे मी मनात ठरवून ठेवलं होतं. पण आला तेव्हा मला तुझ्या औषधाची वेळ आठवली आणि मी आत आले.

तू गेलीस त्याच्या आदल्या आठवड्यात चहा मागितलास. "माझ्या कपात दे. बिनठिपक्याच्या."

मी चमकलेच. "तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. पप्पांचा उलटा करून बघितला ना. कप हातात आला की आधी तळ बघते मी, सवयच लागली मेली." मग दोन घोट घेऊन म्हणालीस, "एवढ्या सगळ्यांत मला एकटीला कोरा. लाडाचा."

तर आज त्या घरमालकिणीने आलं घातलेला चहा आणला. ट्रेमधला दुसरा कप घेऊन माझ्यासमोर बसली, खोली कधीपासून हवी ते विचारलं. चांगली आहे ग बाई. पुढचं तुला पोचायचं नाही, म्हणूनच सांगते. ती बिस्किटं आणायला आत वळली तेवढ्यात मी कप उचलून तळ बघितला. कोराच होता. तरी चहा पार निवेपर्यंत मला तो तोंडाला लावता आला नाही.